आठ आठवडे नुसतं गवत

नोव्हेंबरच्या सुरुवातीला माळीकाम शिकणाऱ्या एका ट्रेनीचा फोन आला. प्रवासखर्चाचा फॉर्म कुठे मिळेल, एवढंच तिला विचारायचं होतं. फोन ठेवता ठेवता मी सवयीनं म्हटलं, "बाकी काय, या महिन्यात नवीन काय शिकलीस?" पलीकडे जरा शांतता. मग ती म्हणाली, "स्ट्रिमरची दोरी आता डोळे मिटून बदलता येते."

स्ट्रिमर म्हणजे फिरत्या दोरीनं गवत कापायचं यंत्र. मी हसले. ती हसली नाही. सप्टेंबरपासून आठ आठवडे ती गवत कापत होती, आणि गवत नसेल तेव्हा पानं गोळा करत होती. आम्ही तिला पाठवलं होतं त्या बागेत जुनी विटांची उंच भिंत होती, त्या भिंतीवर फांद्या आडव्या पसरून बांधलेली पेअरची झाडं होती, यू नावाच्या सदाहरित झाडाच्या, माणसाच्या दुप्पट उंचीच्या हेज, म्हणजे छाटून राखलेली जिवंत कुंपणं होती. तिच्या कामाच्या वहीत यातलं काहीच नव्हतं. ती वही दर महिन्याला तपासणं हे माझं काम. ऑक्टोबरची वही माझ्या टेबलावर आठवडाभर पडून होती आणि मी ती उघडलेली नव्हती.

इंग्लंडमधल्या ऐतिहासिक बागांसाठी माळी तयार करणाऱ्या एका कार्यक्रमाच्या ऑफिसात मी तेव्हा नवीन होते. मी स्वतः माळी नाही. त्याआधी एका कॉलेजात प्रवेश आणि वेळापत्रकं सांभाळायचे. हे काम मिळालं तेव्हा वाटलं, तेच तर आहे, वर्गाच्या जागी बाग एवढाच फरक. एका बागेत एक ट्रेनी, सप्टेंबर ते ऑगस्ट पूर्ण वर्ष, म्हणजे चारही ऋतूंची कामं हाताखालून जातात. ट्रेनीला पगार असतो. शिकवायचं त्या बागेच्या हेड गार्डनरनं. निवड, दर महिन्याची झाडं ओळखायची परीक्षा, इतर बागांच्या सहली, वह्या आणि भेटी हे आमच्याकडे. कागदावर सगळं नीटनेटकं होतं.

निवडीचे दिवस मार्चमधले. अर्ज करणाऱ्यांत विशीतली मुलं थोडी, नोकरी सोडून आलेले जास्त. बँकेत दहा वर्षं काढलेला एक जण, एक शाळामास्तरीण, एक सैन्यातून निवृत्त झालेला. मुलाखतीच्या खोलीबाहेर टेबलावर दहा बाटल्यांत दहा काड्या ठेवलेल्या असतात, पानं नसलेल्या, फक्त कळ्या असलेल्या. नावं लिहायची. आमची प्रमुख, जी स्वतः तीस वर्षं हेड गार्डनर होती आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर ऑफिसात आली, ती या उत्तरपत्रिकांत किती बरोबर आले हे फारसं बघायचीच नाही. मला ते विचित्र वाटे. मग मार्क कशाला द्यायचे?

फोन केलेल्या या मुलीनं दहातली दोनच नावं बरोबर लिहिली होती. पण आठव्या काडीसमोर लिहिलं होतं: "नाव माहीत नाही. बीचसारखी वाटते, पण बीचची कळी लांब, टोकदार आणि फांदीपासून दूर झुकलेली असते. ही फांदीला चिकटून बसली आहे. म्हणून बीच नसावी." ती काडी हॉर्नबीमची होती. हिवाळ्यात बीच आणि हॉर्नबीम या दोन्ही झाडांच्या हेज अंगावर वाळकी तपकिरी पानं धरून उभ्या असतात आणि भले भले फसतात. प्रमुखानं तो कागद माझ्यापुढे सरकवला. "ही बघते," एवढंच म्हणाली. अशी बघणारी मुलगी आम्ही नेऊन स्ट्रिमरला बांधली.

इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर माळ्यांसाठी एवढा खटाटोप कशाला असं वाटेल. पूर्वी मोठ्या घरांच्या बागा हीच शाळा होती. पोरगा बारा-चौदाव्या वर्षी कुंड्या धुवायला लागायचा, मग एका बागेतून दुसऱ्या बागेत असा दर वर्षा-दोन वर्षांनी फिरायचा, आणि भिंतीच्या उत्तरेकडच्या थंड बाजूला बांधलेल्या बॉथी नावाच्या खोल्यांत बाकीच्या तरुण माळ्यांबरोबर राहायचा. ठरवून घेतलेलं प्रशिक्षणही नवीन नाही. 1823 मध्ये लंडनजवळ चिझिकला हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत जोसेफ पॅक्स्टन नावाचा एक मुलगा शिकायला लागला. जन्म 1803 चा, पण नाव नोंदवताना त्यानं 1801 लिहिलं. (वय लपवणारे अर्ज मीही पाहिलेत, बहुतेक उलट्या दिशेनं.) बागेची जमीन डेव्हनशरच्या ड्यूकची. ड्यूक तिथे फिरायला यायचा, त्याला हा मुलगा आवडला, आणि 1826 च्या मे महिन्यात पॅक्स्टन ड्यूकच्या चॅट्सवर्थ या मोठ्या घराच्या बागेचा हेड गार्डनर म्हणून पहाटे साडेचारला तिथे पोचला. अजून तेविसावं वर्ष पूर्ण नव्हतं. कुणी उठलेलं नव्हतं म्हणून भिंत चढून आत गेला, सगळी बाग फिरला आणि सहाला माणसं आली तशी त्यांना कामं वाटून दिली. लंडनचं काचेचं प्रचंड प्रदर्शनगृह, 1851 चा क्रिस्टल पॅलेस, याच माणसाचा.

पहिल्या महायुद्धात ती साखळी तुटली. माळी लढायला गेले, बरेच परतले नाहीत, आणि पुढे घरमालकांना दहा-वीस माळी पोसणं झेपेना. बागा उरल्या, बागेत शिकत मोठं होण्याची रीत गेली. आज ज्याला हेड गार्डनर म्हणतात त्याच्या हाताखाली कुठे चार माणसं, कुठे दोन आणि बाकी स्वयंसेवक.

आणि या बागा साध्या बागांसारख्या चालवता येत नाहीत. फ्लॉरेन्सला 1981 मध्ये तयार झालेल्या आणि पुढच्या वर्षी इकोमॉस या स्मारकं जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं स्वीकारलेल्या सनदेत ऐतिहासिक बागेला स्मारक म्हटलंय, पण जिवंत स्मारक, म्हणजे मरणारं आणि पुन्हा लावावं लागणारं. दगडी जिना दहा वर्षं तसाच सोडला तरी जिनाच राहतो. यूची हेज दहा वर्षं सोडली तर जंगल होतं. त्यामुळे इथल्या माळ्याला झाड वाढवता येणं पुरत नाही. हे झाड इथे कुणी, कधी, काय मनात धरून लावलं हे समजून मग कात्री चालवायची. स्वतःची आवड मधे आणायची नाही. हौशी माणसाला हे सगळ्यात जड जातं.

फोन आला त्याच आठवड्यात मी त्या बागेत गेले. जाताना गाडीत भांडणाची तयारी करत होते. हेड गार्डनर फाटकापाशीच भेटला. पन्नाशीचा, अबोल, हातावर जुन्या ओरखड्यांच्या रेघा. चहा दिला. मी विचारलं, भिंतीवरच्या झाडांचं काम तिला कधी देणार? तो म्हणाला, "माझी दोन माणसं कमी आहेत. गवत थांबत नाही. मला हात हवे होते, तुम्ही हात पाठवलेत."

मी पिशवीतून त्यांच्या बागेचा अर्ज काढला. दोन पानांची प्रशिक्षणाची योजना, महिन्यागणिक. ऑक्टोबर : यूच्या हेजची निगा आणि बॉक्स नावाच्या झुडपांवरचे रोग. नोव्हेंबर : फळझाडांची बांधणी. सुंदर लिहिलेली योजना. मी स्वतः तिला दहापैकी नऊ गुण दिले होते. त्यानं चष्मा लावून ती सगळी वाचली आणि म्हणाला, "चांगलं लिहिलंय. कुणी लिहिलं?"

त्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी लिहिलं होतं. बागेत काम करणाऱ्याला विचारलंच नव्हतं. आणि मी, ऑफिसातली बाई, ऑफिसातल्या माणसाच्या लिखाणाला नऊ गुण देऊन मोकळी झाले होते. भांडण तिथेच गळालं.

परत येऊन प्रमुखाला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बाग बदलू. तिनं विचारलं, "त्याला स्वतःला कुणी शिकवलं?" मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. तो म्हणाला, "कुणी नाही. म्हाताऱ्याच्या मागे उभा राहून बघायचो. बोललं की हाकलायचा."

प्रमुख दर डिसेंबरात सगळ्या हेड गार्डनरना एक दिवस एकत्र बोलवायची. मला आधी वाटायचं ही नाताळची पार्टी असेल. त्या वर्षी तिनं तो दिवस मुद्दाम याच बागेत ठेवला. पाच-सहा जण आले. सकाळी तिनं सगळ्यांना भिंतीपाशी नेलं आणि या हेड गार्डनरला म्हणाली, "हिला एक पेअर छाटायला शिकव." हिला म्हणजे मला. ट्रेनी शेजारी वही घेऊन उभी.

झाड जुनं होतं. मधे सरळ खोड आणि दोन्ही बाजूंना आडवे हात, पाच मजली, तारेला बांधलेले. प्रत्येक हातावर आखूड, गाठाळ काटक्यांचे पुंजके, ज्यांवर फळं धरतात. वर्षानुवर्षांत ते पुंजके इतके दाटले होते की एकाला एक घासत होते. त्यानं सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, काढला आणि चालू केलं. कट, कट, कट. दोन मिनिटांत एक हात मोकळा, पायाशी काटक्यांचा सडा. "असं," तो म्हणाला आणि सिकेटर माझ्यापुढे धरला.

मी दुसऱ्या हातासमोर उभी राहिले. काहीही कळत नव्हतं. एका काटकीला हात लावला. "ती नको," तो म्हणाला. का नको? "ती नको." मग कुठली? त्यानं बोट दाखवलं. हीच का? तो झाडाकडे बघत राहिला. बाकीचे हेड गार्डनर आपापल्या बुटांकडे बघत होते, कारण त्या जागी आपण असतो तर आपलीही हीच गत झाली असती हे प्रत्येकाला कळत होतं. बराच वेळ गेला. मग तो हळूहळू, जणू स्वतःलाच विचारत, बोलायला लागला. खालच्या बाजूनं वाढलेला पुंजका आधी काढायचा, तिथे ऊन पोचत नाही आणि फळ बारीक राहतं. मग एकमेकांवर चढलेले. मग कळी बघायची. त्यानं माझं बोट धरून एका कळीवर ठेवलं, फुगीर, गोलसर, किंचित लव असलेली. ही फुलाची. शेजारची चपटी, फांदीला टेकलेली, ती पानाची. एका पुंजक्यावर फुलाच्या दोन-तीन कळ्या राहिल्या की पुरे, जास्त ठेवल्या तर झाडाला पेलत नाही. वरच्या मजल्यावर हात सढळ ठेवायचा, झाडाची ओढ मुळातच वर असते. खालच्या मजल्यावर जपून.

ट्रेनीची वही भरत होती. मी सहा काटक्या काढल्या, त्यात एक चुकीची. ती चूक त्यानं सगळ्यांना दाखवली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे काय होईल तेही सांगितलं. जेवायला जाताना तो प्रमुखाला म्हणाला, "हे सगळं मला माहीत आहे हे मलाच माहीत नव्हतं."

त्या दिवसानंतर मी एक गोष्ट पक्की केली. दर गुरुवारी सकाळी साडेआठ ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत ट्रेनी आणि हेड गार्डनर एकत्र, गवताचं यंत्र शेडमध्ये बंद. बाकीचे दिवस त्यानं तिच्याकडून हवं ते काम घ्यावं, गवतसुद्धा. एवढं गवत तर प्रत्येक माळ्याच्या वाट्याला येतंच. बागेच्या ऑफिसनं सही करायला तीन आठवडे लावले, पण केली.

हिवाळा मग बरा गेला. दर महिन्याची परीक्षा म्हणजे वीस झाडांच्या फांद्या, वीस आकडे आणि कोरा कागद. कूळ, प्रजाती, जाती, सगळं लॅटिनमध्ये, आणि वाण असेल तर त्याचंही नाव. टॅक्सस बक्काटा, बक्सस सेम्परव्हिरेन्स. स्पेलिंगला अर्धा मार्क. लॅटिन नावातला दुसरा शब्द मोठ्या अक्षरानं सुरू केला की तो अर्धा गेला, आणि त्या अर्ध्या मार्कासाठी सैन्यातून निवृत्त झालेला माझ्याशी जितका भांडला तितकं कॉलेजात कुणी भांडलं नव्हतं.

सहलींचं सांगण्यासारखं म्हणजे बुटांची बादली. नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये बॉक्सच्या झाडांवर एक बुरशी आली. पानांवर काळे-तपकिरी डाग, कोवळ्या फांद्यांवर काळ्या रेघा, आणि काही दिवसांत हेज आतून उघडी. नंतर त्यावर अळीही आली. बुरशी ओल्या पानांना, हत्यारांना, बुटांना चिकटून प्रवास करते, आणि एका बागेतून दुसऱ्या बागेत वीस जणांना घेऊन जाणारे आम्ही म्हणजे तिच्यासाठी फुकटची बस. म्हणून मिनीबसमध्ये कायम ब्रश, बादली आणि जंतुनाशक. उतरताना बूट, चढताना बूट. पहिल्या सहलीला मी बादली विसरले होते. यजमान हेड गार्डनरनं आम्हाला फाटकातच थांबवून ठेवलं आणि मी गावभर ब्रश शोधत फिरले.

लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानात, टर्नरचा ओक म्हणतात त्या जुन्या झाडाखाली मात्र सगळे गप्प झाले. 1987 च्या ऑक्टोबरातल्या वादळात दक्षिण इंग्लंडात एका रात्रीत दीड कोटीच्या आसपास झाडं पडली. हा ओक आधीच खंगलेला होता. वाऱ्यानं तो मुळांसकट उचलला आणि पुन्हा तिथेच टेकवला. पडलेली झाडं आवरण्यात माणसं गुंतली होती, म्हणून त्याला नुसते टेकू देऊन ठेवलं, नंतर बघू म्हणून. तीन वर्षांनी बघितलं तर झाड तरारलेलं. वर्षानुवर्षं लोकांच्या पायांनी मुळांवरची माती दाबून दगडासारखी झाली होती आणि त्या उचलण्यानं ती मोकळी झाली होती. तिथून पुढे क्यूमध्ये जुन्या झाडांच्या मुळांशी जमिनीत हवा सोडून माती मोकळी करायला लागले.

हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याहून परतताना बसमध्ये भांडण झालं. तिथल्या प्रिव्ही गार्डनमध्ये, म्हणजे राजाच्या खासगी बागेत, राजा तिसऱ्या विल्यमच्या काळची लहान छाटलेली यूची झाडं पुढे कुणी न छाटल्यानं प्रचंड वाढली होती. नव्वदच्या दशकात ती काढून, जमीन खणून जुन्या वाफ्यांच्या खुणा शोधून, 1702 ची बाग पुन्हा मांडली आणि ती 1995 मध्ये खुली झाली. अर्धी बस म्हणत होती, जिवंत जुनी झाडं तोडून नवी बाग जुनी म्हणून दाखवायची? उरलेली अर्धी म्हणत होती, मग राजवाड्यासमोर जंगल ठेवायचं का? माझं मत तोडणाऱ्यांच्या बाजूनं आहे, पण त्या दिवशी बोलले नाही. शाळामास्तरीण म्हणाली, ज्या माळ्यानं पहिल्यांदा छाटणी चुकवली त्याला पकडा.

आमच्या ट्रेनीनं वर्षाच्या प्रकल्पासाठी ती विटांची भिंत निवडली. पूर्वी झाडं तारेवर न बांधता कापडाच्या पट्ट्यांनी थेट विटांच्या सांध्यांत खिळे ठोकून बांधायचे. झाडं गेली, भोकं राहिली. तिनं खडू आणि दोरी घेऊन वीतभर वीतभर भिंत मोजली, आणि कागदावर ठिपके मांडल्यावर काही ठिकाणी ते पंख्यासारखे पसरलेले दिसायला लागले. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उबदार भागात ठिपके सगळ्यात दाट. एका भोकात शिशाची बोटभर पट्टी सापडली, वर नुसता 14 आकडा. चौदा नंबरचं झाड कुठलं, ते सांगणारी वही काही मिळाली नाही. जूनमधल्या भेटीत हेड गार्डनर मला ती पट्टी दाखवायला घेऊन गेला. तीस वर्षं तो त्या भिंतीसमोरून जात होता. भोकं त्याला चुन्यानं भरायची दुरुस्ती वाटायची, आणि निम्म्या भिंतीची त्यानं भरूनही टाकली होती.

वर्ष संपलं. तिला दुसऱ्या काउंटीतल्या एका बागेत माळ्याची नोकरी लागली. पगार फार नाही, राहायला खोली आहे. ट्रेनींपैकी दोघं मधेच सोडून गेले होते, एक पाठदुखीनं, एक पैशाच्या ओढाताणीनं. ते कुठल्याच अहवालात नीट बसत नाही, पण दर वर्षी कुणीतरी जातं.

पुढच्या वर्षीच्या बागांच्या अर्जाचा नमुना मी बदलला. दोन पानांच्या योजनेची जागा अर्ध्या पानावर आणली आणि वर एक प्रश्न टाकला : ट्रेनीला आठवड्यातून एक सकाळ कोण देणार, कुठल्या वारी, आणि पाऊस असेल तर काय शिकवणार? उत्तर त्या व्यक्तीनं स्वतःच्या हातानं लिहावं. एका फार नावाजलेल्या बागेनं ती जागा कोरी ठेवली, बाकी सगळं रंगीत फोटोंसकट भरलं. मी अर्ज परत पाठवला. त्यांचा रागावलेला फोन आला, प्रमुखापर्यंत गेला, आणि तिनं तो माझ्याकडेच परत दिला.

विटांच्या भिंतीच्या बागेचा अर्ज शेवटच्या दिवशी आला. पेन्सिलीनं, मातीच्या अंगठ्यासकट. "मी. गुरुवार. पाऊस असेल तर शेडमध्ये हत्यारांना धार."